शेवंती : चिनी वैद्यकातील उपयोग

शेवंतीची वाळविलेली फुले हे चिनी वैद्यकातील एक प्राचीन, सौम्य व नित्य वापरातले औषध आहे. चिनी भाषेत त्यास ‘ज्यूह्वा’ म्हणतात. ज्या वनस्पतीपासून ते मिळते ती क्रिसँथेमम मोरिफोलियम ही जाती ॲस्टरेसी किंवा सूर्यफूल कुलातील असून महाराष्ट्रात हार, वेण्या व पूजा यांसाठी लावली जाणारी शेवंतीही याच जातीत मोडते. हिंदीत तिला गुलदाउदी, कन्नडमध्ये सेवंतिगे, तेलुगूत चामंति व तमिळमध्ये सामंदि अशी नावे आहेत. एकच फूल एका देशात देवघरात जाते व दुसऱ्यात औषधाच्या पेटीत. ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील फुलबाजारांत शेवंती वर्षातील बराच काळ वजनावर विकली जाते, परंतु औषध म्हणून नव्हे. अलीकडे फुलांचा चहा शहरी घरांत परिचयाचा झाल्यापासून मात्र एक व्यावहारिक प्रश्न उभा राहिला आहे : बाजारातून आणलेली शेवंती घरी वाळवून ज्यूह्वाप्रमाणे घेता येईल काय? वनस्पतिशास्त्रीय जाती एक असली, तरी या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. त्याची कारणे जाती, वाण, लागवड, प्रक्रिया व अपाय यांच्या विवेचनात येतील.

नावे व त्यांतील घोटाळे : भारतीय निघंटूंच्या आधारे शेवंतीचे गुण सांगताना बरीच गफलत होते. हिंदीत ‘सेवती’ हे नाव पांढऱ्या गुलाबाच्या एका प्रकाराला आहे आणि भावप्रकाशातील पुष्पवर्गात वर्णिलेली शतपत्री किंवा तरुणी म्हणजे गुलाबच, असे बहुतेक टीकाकार मानतात. मराठी ‘शेवंती’ व हिंदी ‘सेवती’ यांच्या ध्वनिसाम्यामुळे गुलाबाचे शीत, हृद्य व सारक हे गुण शेवंतीच्या नावावर चढविलेले काही लोकप्रिय पुस्तकांत दिसतात. ‘गुलदाउदी’ हे नाव फार्सी असून त्याचा अर्थ दाऊदचे फूल असा होतो. एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्यातील लेखकांनी या फुलझाडाची नोंद घेतली आहे. डिमॉक, वॉर्डन व हूपर यांच्या फार्माकोग्राफिया इंडिका (१८९०–९३) या ग्रंथात, त्याचे मूळ चघळल्यास अक्कलकाऱ्याप्रमाणे जिभेला चुणचुण लागते आणि दख्खनमध्ये ही वनस्पती काळ्या मिरीबरोबर परम्यावर देतात, असा उल्लेख आहे. अक्कलकारा हा याच कुलातील असल्याने चुणचुणीचे साम्य आश्चर्यकारक नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की दख्खनमधील हा उपयोग व चिनी उपयोग यांत काहीही समान नाही. म्हणजे औषधी शेवंतीची भारतीय परंपरा असलीच, तर ती तुरळक लोकवैद्यकाची आहे. चीनमधल्यासारखी सलग शास्त्रीय परंपरा तिच्यामागे नाही.

लिनीअस यांनी १७५३ मध्ये या वंशातील एका रानटी जातीस क्रिसँथेमम इंडिकम असे नाव दिले. ‘इंडिकम’ या शब्दावरून शेवंतीचे मूळस्थान भारत असावे असा समज अधूनमधून ऐकू येतो. तो बरोबर नाही. त्या काळी यूरोपीय लेखक पूर्वेकडील बहुतेक मुलखास ‘इंडिया’ म्हणत. या जातीचा नैसर्गिक प्रसार मुख्यत्वे पूर्व आशियात आहे. लागवडीतील शेवंतीस क्रिसँथेमम मोरिफोलियम हे नाव रामात्वेल यांनी १७९२ मध्ये दिले. १९६० नंतर काही काळ या जाती डेंड्रँथेमा या वंशात घालण्यात आल्या होत्या. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय वनस्पतिविज्ञान परिषदेने मूळ नाव राखून ठेवल्यावर ती पुन्हा जुन्या नावाने ओळखली जाऊ लागली. जुन्या-नव्या ग्रंथांत दोन्ही नावे भेटतात, वनस्पती एकच.

वनस्पती : शेवंती हे बहुवर्षायू, ताठ, ०·५ ते १ मी. उंचीचे, शाखायुक्त क्षुप आहे. पाने साधी, एकाआड एक, खंडित व चुरगळल्यास उग्र वासाची असतात. ज्यास आपण फूल म्हणतो तो वस्तुतः फुलोरा (स्तबक) होय. त्याच्या कडेची पाकळीसारखी किरण-पुष्पके व मध्यातील पिवळी नळीसारखी बिंब-पुष्पके ही स्वतंत्र लहान फुले असतात. ‘दुहेरी’ शेवंतीत बिंब-पुष्पके कमी होऊन किरण-पुष्पकांची गर्दी होते. हाराच्या शेवंतीत ही गर्दी हवी असते. औषधी चिनी वाणांपैकी काहींत मात्र मधले पिवळे बिंब स्पष्ट राहते व वाळलेल्या मालाची पारख करताना ते पाहिले जाते. शेवंती लघुदिवसी आहे, म्हणजे रात्र पुरेशी मोठी झाल्याखेरीज ती कळ्या धरीत नाही. त्यामुळे आपल्याकडे तिचा नैसर्गिक बहर मुख्यतः नोव्हेंबर ते जानेवारी या काळात येतो. मध्य चीनमध्येही औषधी फुलांची तोडणी ऑक्टोबरअखेर व नोव्हेंबरात होते.

इतिहास : शन-नुंग या पौराणिक सम्राटाच्या नावावर असलेला आणि दुसऱ्या शतकाच्या सुमारास संकलित झालेला शन-नुंग बन्सावजिंग हा चिनी द्रव्यगुणाचा सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ मानतात. त्यातील ३६५ द्रव्यांचे तीन वर्ग केलेले असून शेवंती १२० द्रव्यांच्या वरच्या वर्गात आहे. या वर्गातील द्रव्ये निर्विष, दीर्घकाळ घेता येण्याजोगी व आयुष्य वाढविणारी समजली जात. पुढे चौथ्या-पाचव्या शतकांतील ताव युआनमिंग (३६५–४२७) या कवीच्या शेवंतीप्रेमामुळे हे फूल निवृत्त, स्वाभिमानी जीवनाचे प्रतीक बनले. चांद्र वर्षाच्या नवव्या महिन्यातील नवमीस उंच जागी जाण्याची व शेवंतीचे मद्य पिण्याची प्रथा चीनमध्ये फार जुनी आहे. औषध, काव्य व सण ही तिन्ही अंगे एकमेकांत अशी गुंतल्याने कोणता उपयोग आधीचा हे सांगणे कठीण जाते. ११०४ मध्ये ल्यू मंग यांनी केवळ शेवंतीवर एक पुस्तिका लिहून तीत ३५ प्रकारांचे वर्णन केले. ली शृ-जन यांचा बन्साव गांगमू हा प्रचंड ग्रंथ १५७८ मध्ये पूर्ण होऊन १५९६ मध्ये छापून प्रसिद्ध झाला. त्यात शेवंतीची मुळे, पाने व फुले या सर्वांचे उपयोग एकत्र केलेले आहेत. जपानमध्ये शेवंती चीनमधून गेली, ती तेथे सम्राटाचे राजचिन्ह झाली व जपानच्या अधिकृत औषधकोशातही तिला स्थान मिळाले. यूरोपात तिची टिकाऊ लागवड १७८९ मध्ये ब्लांकार या व्यापाऱ्याने मार्सेय बंदरी आणलेल्या रोपांपासून सुरू झाली; यूरोपीयांनी तिचे रंग व आकार वाढविले, औषधी गुणांकडे मात्र लक्ष दिले नाही.

चिनी वैद्यकातील स्थान : प्रत्येक द्रव्याची चव, त्याचा उष्ण-शीत स्वभाव व ते ज्या अवयवमार्गांवर कार्य करते ते मार्ग, अशा तीन अंगांनी चिनी वैद्यक औषधाचा विचार करते. शेवंतीची चव मधुर व कडू, स्वभाव किंचित शीत आणि मार्ग फुप्फुस व यकृत यांचे, असे मानले आहे. यावरून तिची तीन कार्ये सांगितली जातात. पहिले ‘वारा व उष्णता’ घालविणे : सर्दीच्या आरंभी ताप, डोकेदुखी व घसा दुखणे ही लक्षणे असताना ती देतात. दुसरे यकृत शांत करून दृष्टी स्वच्छ करणे : डोळे लाल होणे, चुरचुरणे, पाणी येणे, अंधूक दिसणे, तसेच डोके गरगरणे यांवर तिचा उपयोग करतात. तिसरे उष्णता व ‘विष’ यांचा निरास करणे, म्हणजे गळवे व सूज यांवरील उपयोग.

मराठी वाचकास हे वर्णन ओळखीचे वाटते. शीत, तिक्त-मधुर, चक्षुष्य, पित्तशामक असे त्याचे आयुर्वेदीय भाषांतर सहज जिभेवर येते. तथापि ही समीकरणे बेताने घ्यावीत. चिनी ‘वारा’ म्हणजे बाहेरून शिरणारा रोगकारक प्रभाव. आयुर्वेदातील वात हा देहातच असणारा दोष आहे. चिनी वैद्यकातील ‘यकृत’ ही डोळे, स्नायू, राग व रक्ताचा साठा यांच्याशी जोडलेली कार्यसंस्था आहे, शरीररचनाशास्त्रातील यकृत नव्हे. म्हणून शेवंती ‘यकृतावर काम करते’ असे वाचून कावीळ झालेल्या रोग्यास ती देणे हा केवळ शब्दांचा घोटाळा होय. चिनी ग्रंथांचा तो अभिप्राय नाही.

शेवंती एकेरी औषध म्हणून क्वचितच येते. ती बहुधा योगात येते. वू ज्यूथुंग यांनी १७९८ मध्ये लिहिलेल्या उष्ण रोगांवरील ग्रंथातील ‘सांग-ज्यू-यिन’ (तुती-शेवंती पेय) हा योग आजही प्रचारात आहे. त्यात तुतीची पाने व शेवंती यांबरोबर जर्दाळूच्या बियांचा गर, फोर्सिथियाची फळे, पुदिन्याच्या जातीची पाने, प्लॅटिकोडॉनचे मूळ, नळ या गवताचे मूलक्षोड व ज्येष्ठमध असून तो सौम्य ताप व खोकला यांत देतात. पेय फार उकळावयाचे नसते, कारण औषधाचा काही भाग बाष्पनशील तेलात असतो. दुसरा प्रसिद्ध योग ‘छी-ज्यू-दीह्वांग’ गोळ्यांचा. सहा द्रव्यांच्या एका जुन्या बल्य गोळीत गोजीची फळे व शेवंती घालून तो बनविला असून उतारवयातील अंधूक दृष्टी व डोळ्यांचा कोरडेपणा यांवर तो वापरतात. जपानी वैद्यकात चक्कर व डोकेदुखीवरील ‘चोतोसान’ या योगात शेवंती आहे.

चीनच्या अधिकृत औषधकोशात शेवंतीची दैनिक मात्रा ५ ते १० ग्रॅ. दिली आहे. रानटी शेवंती (क्रिसँथेमम इंडिकम, चिनी नाव ‘ये-ज्यूह्वा’) हे त्यात वेगळे औषध मानले असून त्याची मात्रा ९ ते १५ ग्रॅ. आहे. रानशेवंतीची फुले लहान, पिवळी व बरीच कडू असतात आणि ती मुख्यत्वे गळवे, घशाची सूज व लाल डोळे यांवर देतात. रोज चहासारखी पिण्याची ती नव्हे. पिवळी लागवडीची शेवंती सर्दी-तापावर व पांढरी डोळे-डोके यांवर अधिक चांगली, अशी विभागणी चिनी वैद्य करतात. ती अनुभवावर आधारलेली आहे व सर्वच लेखक ती पाळतात असे नाही.

औषधाच्या बरोबरीने शेवंती हे पेयही आहे. दक्षिण चीन, हाँगकाँग व सिंगापूर येथे खडीसाखर घातलेला शेवंतीचा चहा उन्हाळ्यात थंडाव्यासाठी पितात. आपल्याकडील वाळ्याच्या किंवा सब्जाच्या पेयाशी त्याची तुलना करता येईल. चीनच्या आरोग्य मंत्रालयाने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘अन्न व औषध दोन्ही’ या यादीत शेवंतीचा समावेश आहे. पोट नाजूक असणाऱ्यांनी, वारंवार पातळ शौचास होणाऱ्यांनी व थंडी सहन न होणाऱ्यांनी ती बेताने घ्यावी, असा इशारा चिनी ग्रंथांतच दिलेला आहे. चहाच्या आकर्षक वेष्टनांवर तो बहुधा नसतो.

प्रकार व प्रक्रिया : चिनी औषधकोशात ज्यूह्वाचे पाच व्यापारी प्रकार उत्पत्तिस्थान व प्रक्रिया यांवरून केले आहेत : आन्ह्वे प्रांतातील बोज्यू, छूज्यू व गुंगज्यू, जज्यांग प्रांतातील हांगज्यू आणि हनान प्रांतातील ह्वायज्यू. बोज्यू झाडासकट कापून सावलीत टांगून वाळवितात व मग फुले खुडतात. गुंगज्यू भट्टीच्या मंद आचेवर वाळवितात. हांगज्यूची तऱ्हा वेगळी असून तीत ताजी फुले थोडा वेळ वाफवतात व नंतर सुकवितात. तयार माल चपट्या चकतीसारखा होतो. चहासाठी सर्वांत प्रसिद्ध असलेली ही शेवंती मुख्यत्वे हांगजो नगराजवळील थुंगश्यांग भागात होते.

वाफविण्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. फुलातील क्लोरोजेनिक अम्ल व त्याच्या जातीची फिनॉलिक संयुगे ही औषधी दृष्ट्या महत्त्वाची मानतात. फूल सावकाश कोमेजू लागले की त्याच्याच पेशींतील एंझाइमे या संयुगांचे ऑक्सिडीकरण करतात. चिरलेले वांगे काळे पडते तशीच ही क्रिया आहे. वाफेने एंझाइमे निष्क्रिय होतात, रंग टिकतो व संयुगेही टिकतात. त्यानंतर पाण्याचे प्रमाण १५ टक्क्यांच्या आत आणावे लागते. ते तसे न आणल्यास फुलांच्या दाट पाकळ्यांत बुरशी धरते. ताज्या फुलात ८० ते ८५ टक्के पाणी धरले, तर १ किग्रॅ. सुका माल मिळण्यास सुमारे ४ ते ६ किग्रॅ. ताजी फुले लागतात, हे साध्या हिशेबाने निघते.

कीड व काळपटपणा टाळण्यासाठी गंधकाचा धूर देण्याची जुनी रीत चीनमध्ये होती व छूज्यूच्या बाबतीत ती प्रक्रियेचाच भाग समजली जाई. तिने फूल पांढरेशुभ्र दिसते, पण सल्फर डाय-ऑक्साइडाचा अवशेष राहतो, घटक बदलतात आणि दम्याच्या रोग्यास तो वायू त्रासदायक ठरू शकतो. आता चिनी औषधकोशाने वनस्पतिज औषधांतील या अवशेषास सामान्यतः दर किग्रॅ.ला १५० मिग्रॅ. अशी मर्यादा घातली आहे. फार पांढरे, आंबूस वासाचे सुके फूल घेऊ नये, हा ग्राहकास सांगण्याजोगा साधा नियम होय.

घटक व संशोधन : फुलांत ल्युटिओलीन, अपिजेनीन व ॲकॅसेटीन हे फ्लॅव्होनॉइड व त्यांची ग्लायकोसाइडे, कॅफेओइलक्विनिक अम्ले, कापूर व बोर्निऑल असलेले बाष्पनशील तेल, तसेच पिवळ्या वाणांत कॅरोटिनॉइडे असतात. औषधकोशानुसार सुक्या मालात क्लोरोजेनिक अम्ल निदान ०·२० टक्के, ल्युटिओलिनाचे ग्लायकोसाइड ०·०८० टक्के व ३,५-डायकॅफेओइलक्विनिक अम्ल ०·७० टक्के असावे लागते. ही कसोटी वाणागणिक व प्रक्रियेगणिक बदलणाऱ्या मालास लावलेली असल्याने ‘शेवंती ती शेवंती’ असे औषधाच्या बाबतीत म्हणता येत नाही.

प्रयोगशाळेत व प्राण्यांवरील प्रयोगांत फुलांच्या अर्काचे शोथशामक, ऑक्सिडीकरणविरोधी व रक्तवाहिन्या शिथिल करणारे परिणाम दिसले आहेत. माणसांवरील चाचण्या मात्र थोड्या, लहान व बहुधा मिश्रयोगांच्या आहेत. त्यांतून एकट्या शेवंतीचे श्रेय वेगळे काढता येत नाही. उच्च रक्तदाब, काचबिंदू वा मधुमेहजन्य दृष्टिदोष यांवर शेवंती हा उपचार आहे असे म्हणण्यास आज पुरेसा आधार नाही. काचबिंदूत तर बहुधा कसलीही वेदना न होता दृष्टी जात असते व गेलेली परत येत नाही; चहाने डोळ्यांस बरे वाटते म्हणून थेंब सोडणाऱ्या रोग्याचे नुकसान त्याच्या लक्षात येईपर्यंत होऊन गेलेले असते.

ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसरातील शेवंती : मुंबई बेटाच्या ईशान्येकडील ही शहरे शेवंतीची उत्पादक नव्हेत, ग्राहक आहेत. कोकणातील भारी पाऊस व दमट हवा शेवंतीस मानवत नाही. पाण्याचा निचरा न झाल्यास मूळकूज व मर हे रोग होतात. माल घाटावरून येतो. पुणे, सातारा, नाशिक व अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) हे जिल्हे शेवंतीचे मुख्य उत्पादक असून नगर तालुक्यातील अकोळनेर हे गाव फुलशेतीसाठी नावाजलेले आहे. जुन्नर-ओतूरकडील व नगरकडील फुले माळशेज घाट उतरून मुरबाडमार्गे कल्याणास येऊ शकतात, तर नाशिककडील कसारा घाटाने; घाटवाटांच्या तोंडाशी वसलेल्या कल्याणास व्यापारी महत्त्व प्राचीन काळापासून आहे. येथील कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात फुलबाजार भरतो. तेथून व दादरच्या फुलबाजारातून ठाण्याचा जांभळी नाका, डोंबिवलीचा स्थानक परिसर इ. ठिकाणच्या किरकोळ विक्रेत्यांकडे फुले पोहोचतात. राजा, झिप्री, पिवळी व पांढरी रेवडी, सोनाली तारा, बग्गी हे महाराष्ट्रातील परिचित वाण. पुण्यातील गणेशखिंड येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या केंद्रात पुष्पपिकांवर संशोधन चालते. हे वाण निवडताना भरगच्चपणा, रंग, दूरच्या वाहतुकीतील टिकाऊपणा व वजन यांचा विचार झालेला आहे, फ्लॅव्होनॉइडांचा नाही. तसा तो होण्याचे कारणही नव्हते.

मुख्य अडचण मात्र वाणाची नसून फवारणीची आहे. शेवंतीवर मावा, फुलकिडे व कोळी या किडी आणि तांबेरा, करपा, भुरी हे रोग नेहमी पडतात. कळी धरल्यापासून तोडणीपर्यंत पाकळीवर डाग चालत नाही, म्हणून याच काळात फवारे अधिक होतात. काही कीटकनाशके आंतरप्रवाही असतात, म्हणजे ती झाडाच्या रसात मिसळतात व धुऊन जात नाहीत. फवारणी व तोडणी यांत किती दिवसांचे अंतर हवे आणि अवशेष किती चालेल, ही खाद्यपिकांची कसोटी हाराच्या फुलांना लावली जात नाही. शेतकऱ्याचा यात दोष नाही. तो हाराचे फूल पिकवितो व ग्राहक हाराचे फूलच मागतो. ते फूल गरम पाण्यात घालून पिणारा मात्र त्या फुलाच्या हेतूबाहेर जातो. देवावरून उतरलेली निर्माल्यातील फुले तर त्याहून त्याज्य होत, कारण त्यांत अनेक ठिकाणची, शिळी व रंगविलेलीही फुले असतात. त्यांचे योग्य स्थान खताच्या खड्ड्यात आहे व ठाण्यात निर्माल्याचे खत करण्याचे काम चालतेही.

स्वच्छ लागवड करून येथे औषधी शेवंती तयार करता येईल काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. घाटमाथ्यापलीकडील कोरडी हिवाळी हवा वाळवणीस अनुकूल आहे; कल्याण-डोंबिवलीची नाही. येथे गच्चीवर सावलीत घातलेली फुले खाडीवरील दमट वाऱ्याने दिवसा वाळतात व रात्री पुन्हा ओल धरतात. तेव्हा वाफवणी व यांत्रिक वाळवणी शेताजवळच करावी लागेल, चिनी वाण किंवा त्यांच्या कसोटीस उतरणारे देशी वाण निवडावे लागतील आणि प्रत्येक खेपेची रासायनिक तपासणी करावी लागेल. कुंडीत स्वतः फवारणीविना वाढविलेली चार फुले कोणी हौसेने चहात घातली, तर गोष्ट वेगळी. पण ते पेय होईल, औषध नव्हे.

चीनशी या किनाऱ्याचा संबंध जुना आहे. पेरिप्लस या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात कल्याणचा उल्लेख ‘कल्लिएना’ म्हणून आहे आणि १३२१-२२ च्या सुमारास ठाण्यास आलेला ओदोरिक हा फ्रान्सिस्कन प्रवासी पुढे समुद्रमार्गे चीनला गेला. या व्यापारातून कापूर, रेशीम, चिनी मातीची भांडी यांची ये-जा झाली. शेवंतीचे औषधी ज्ञान मात्र येथे रुजलेले दिसत नाही.

अपाय : शेवंतीचा खरा धोका ॲलर्जीचा आहे, आणि तो महाराष्ट्रात इतर प्रदेशांहून अधिक गांभीर्याने घ्यावयास हवा. ॲस्टरेसी कुलातील अनेक वनस्पतींत सेस्क्विटर्पीन लॅक्टोन ही संयुगे असतात. शेवंतीत त्यांपैकी आर्टेग्लासीन-ए हे आढळते व फुले हाताळणाऱ्यांच्या हातांवर, बोटांच्या पेरांवर व पुढे चेहऱ्यावर होणारा इसब जगभर माळी व फुलविक्रेते यांचा व्यवसायजन्य रोग म्हणून ओळखला जातो. गाजर गवत (काँग्रेस गवत) याच कुलातील असून ते १९५० नंतरच्या दशकात प्रथम पुण्याजवळ नजरेस आले व अल्पावधीत देशभर पसरले. त्याच्या पार्थेनीन या लॅक्टोनाने होणाऱ्या त्वचाशोथाचा अभ्यास १९७० नंतरच्या दशकात पुण्यात झाला. गाजर गवताची ॲलर्जी झालेल्या पुष्कळांची त्वचा शेवंतीसही प्रतिक्रिया देते. रेल्वेमार्गाच्या कडा, मोकळे भूखंड व बांधकामाच्या जागा येथे हे गवत पावसाळ्यात माजते. ठाणे ते कल्याण हा पट्टा त्यास अपवाद नाही. ज्यास दर पावसाळ्यात मान, पापण्या व कोपरांच्या आतील भागी खाजरे चट्टे उठतात, त्याने शेवंतीचा चहा घेण्याआधी त्वचारोगतज्ञास विचारणे इष्ट. हार गुंफणाऱ्यांनी हातमोजे वापरावेत हा सल्ला पुस्तकी वाटेल, कारण मोज्यांनी गाठ नीट बसत नाही; निदान काम संपताच हात साबणाने धुणे व भेगा पडल्यास काही दिवस शेवंती दुसऱ्याकडे सोपविणे शक्य असते.

शेवंतीच्या काढ्याने डोळे धुण्याची रीत चीनमध्ये आहे. घरगुती काढा निर्जंतुक नसतो व त्यात परागकण असतात. त्यामुळे डोळे आलेले असता किंवा स्पर्शभिंगे वापरणाऱ्याने ती अनुसरू नये. गर्भिणी, लहान मुले व रक्तदाबाची वा रक्त पातळ करणारी औषधे घेणारे यांनी वैद्यकीय सल्ल्याविना नियमित सेवन टाळावे.

तयार मिश्रणांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. ‘पीसी-स्पेस’ नावाचे, शेवंतीसह आठ वनस्पतींचे म्हणून विकले जाणारे मिश्रण अमेरिकेत पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाचे रोगी घेत असत. त्यात वॉरफरीन, इंडोमेथॅसीन व एक कृत्रिम स्त्रीहॉर्मोन ही न सांगितलेली औषधे आढळल्याने २००२ मध्ये ते बाजारातून काढून घेण्यात आले. काही रोग्यांस जाणवलेला गुण कोणाचा होता, हे त्यामुळे शेवटपर्यंत संदिग्ध राहिले.

कायदेशीर स्थिती : भारतात १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमात आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांची तरतूद आहे, चिनी वनौषधींची स्वतंत्र तरतूद त्यात नाही. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र अधिनियम आहे, पण तो सुईचिकित्सेचा आहे, औषधांचा नव्हे. त्यामुळे शेवंतीचा चहा येथे विकला जातो तो अन्नपदार्थ म्हणून, आणि २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके अधिनियमाच्या कक्षेत. त्याच्या वेष्टनावर रोग बरा करण्याचा दावा असल्यास तो वाचकाने संशयानेच वाचावा.

सदृश वनस्पती : शेवंतीच्या नात्यातील काही वनस्पतींची फुले दिसण्यात सारखी पण गुणात भिन्न असतात. कॅमोमाइल (मॅट्रिकेरिया कॅमोमिला) या यूरोपीय औषधी वनस्पतीच्या चहाची शेवंतीच्या चहाशी गल्लत होते. स्वाद व परंपरा दोन्ही वेगळ्या असल्या, तरी ॲलर्जीचा धोका सामाईक आहे. ग्लेबिओनिस कोरोनॅरिया (पूर्वीची क्रिसँथेमम कोरोनॅरियम) या जातीची कोवळी पाने पूर्व आशियात भाजी म्हणून खातात. पायरेथ्रम (टॅनॅसेटम सिनेरॅरिफोलियम) हीदेखील पूर्वी क्रिसँथेमम वंशातच गणली जात असे. तिच्या पांढऱ्या, एकेरी फुलांपासून पायरेथ्रिने ही कीटकनाशके मिळतात व जपानमध्ये डासांच्या उदबत्त्या प्रथम हिच्याच भुकटीपासून करण्यात आल्या. वाळलेल्या स्थितीत तिची फुले साध्या शेवंतीपासून वेगळी ओळखणे सामान्य माणसास अवघड असते; सुटी, नाव-गाव नसलेली सुकी ‘शेवंती’ पेयासाठी न घेण्याचे हेही एक कारण आहे.